जवसाचं तेल

आमच्या बाबांकडे पिस्तूल आहे, असं सांगितलं की अमरावतीच्या आमच्या स्टाफरूममधल्या बायका खुर्ची जरा मागे सरकवतात. एकीनं तर विचारलं, "मग तुमच्या घरी भांडणं कशी मिटतात?" मी म्हटलं, "तुमच्या घरी मिटतात तशीच. मिटतच नाहीत." चाळीस वर्षांत त्या पिस्तुलातून माणसावर सोडा, कुत्र्यावरही गोळी सुटलेली नाही. बाबा अकोटच्या कोर्टात वकील. एका शेतीच्या दाव्यात समोरच्या पार्टीनं त्यांना रस्त्यात गाठून दम दिला, तेव्हा त्यांनी लायसन काढलं आणि अकोल्याच्या एका म्हाताऱ्या लायसनदाराकडून हे पिस्तूल घेतलं. पुढे दावा मिटला, दम देणारेच बाबांकडे खरेदीखतं लिहून घ्यायला यायला लागले. पिस्तूल मात्र घरातच राहिलं.

बेल्जियमचं आहे, बत्तीस बोअरचं. मुठीवरच्या दोन पट्ट्या सोडल्या तर सगळं पोलाद. आजकालची पिस्तुलं अर्धी प्लास्टिकची असतात, हातात घेतली की जत्रेतली वाटतात. हे घेतलं की मनगट आधी खाली जातं, मग आपण ते वर आणतो. कंपनीनं ते बनवणं कधीच बंद केलंय. गोळ्या भरायचं मॅगझिन एकच, ते हरवलं तर विषय संपला. पहिली गोळी नळीत जायला पिस्तुलाचा वरचा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, मागे खेचून सोडावा लागतो. त्याची स्प्रिंग मोठी कडक. लहानपणी मी रिकामं पिस्तूल पोटाशी धरून, दात-ओठ खाऊन ती ओढायचे आणि बाबा ओरडायचे, "नळी भिंतीकडे! अन् जोर हातात लाव वं, तोंडात काहून लावून राहिली?"

वर्षातून एक-दोनदा ते अकोल्याच्या रेंजवर जायचे. दहा गोळ्या झाडायचे, भोकं पडलेला कागद घडी करून घरी आणायचे आणि कायद्याच्या पुस्तकात ठेवायचे. आईला तो कागद केवढ्या कौतुकानं दाखवायचे! आई म्हणायची, "एवढ्या जवळून तर मी लाटणं बी मारलं असतं." पण कागद बघितल्याशिवाय ती चहा टाकायची नाही.

आई गेली, आणि दोन वर्षांत बाबांचे हात थरथरायला लागले. आधी कपातला चहा बशीत, मग बशीतला शर्टावर. स्कूटर एकदा कासाराच्या दुकानासमोरच्या नालीत घातली, तेव्हा चावी मीच काढून घेतली. काळा कोट कपाटात गेला होताच. मी शनिवारी दर्यापूरमार्गे एसटीनं अकोटला जायचे, रविवारी परत यायचे, आणि दर वेळी त्यांच्याकडची एखादी गोष्ट बंद करून यायचे. गॅस बंद, जिना बंद, कटिंगला एकटं जाणं बंद. माझा स्वभाव बापावर गेलाय, मी विचारून करत नाही. पिस्तुलाला तेवढा मी हात लावला नव्हता.

मग लायसनच्या नूतनीकरणाची वेळ आली. त्यासाठी आता डॉक्टरचा दाखला लागतो, की बुवा हा माणूस शरीरानं, मनानं शस्त्र बाळगायला ठीक आहे. आमचा डॉक्टर म्हणजे बाबांच्या जुन्या पक्षकाराचा मुलगा. त्यानं फॉर्म पाहिला, बाबांचे हात पाहिले आणि पेन खाली ठेवलं.

"वकीलसाहेब, मी सही कशी करू? तुमीच सांगा."

"पेनानं," बाबा म्हणाले.

शेवटी त्यानंच तोड काढली. रेंजवर जायचं. कोणाच्या मदतीशिवाय पिस्तूल भरायचं, पाच गोळ्या झाडायच्या. तिथल्या उस्तादानं ठीक आहे म्हटलं, की तो डोळे मिटून सही करणार. "डोळे उघडे ठेवून कर," बाबा म्हणाले आणि काठी न घेताच दवाखान्याच्या पायऱ्या उतरले. काठी मी उचलली.

त्या दिवसापासून घरात एकच विषय. बाबा रबरी चेंडू दाबायचे, ओला टॉवेल पिळायचे, मोलकरणीला म्हणायचे, तुझे कपडे बी दे पिळाले. निवडणुकीत नियमाप्रमाणे ठाण्यात जमा केलेलं पिस्तूल पोळ्याच्या सुमारास परत आलं होतं. शनिवारी मी आले की ते रिकामं पिस्तूल काढून स्लाइड ओढायचे. कधी जमायचं, कधी नाही. दसऱ्याच्या सकाळी, पूजेच्या आधी, त्यांनी ती तीनदा ओढली. तीनदा, एकापाठोपाठ एक. हात थरथरत होते, पण स्लाइड पूर्ण मागे गेली आणि खट्ट करून पुढे आली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि हेच मला आता कोणाला पटवून देता येत नाही.

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. पाटावर पिस्तूल, विळा, सुरी आणि बाबांचं शाईचं पेन. हळदी-कुंकू, झेंडू, आपट्याची पानं. आजोबांची बाराबोअरची बंदूक होती तेव्हा तीही असायची. पूजा झाली की बाबा तेलघाण्यावरून आणलेल्या जवसाच्या तेलाची बाटली काढायचे आणि फडक्यानं बंदुकीला तेल चोळायचे. बंदूक कधीच विकली, बाटली मात्र कपाटात तशीच, दर वर्षी दोन बोटं तेलाची भर पडणारी. बाबा त्या तेलानं आता दाराची चौकट नि पाट पुसायचे.

त्या दुपारी पुरणपोळी खाऊन बाबा झोपले. मी पिस्तुलावरचं कुंकू पुसायला घेतलं. पावसाळाभर ठाण्यात राहून ते कोरडं खडखडीत झालं होतं. शिलाई मशीनच्या तेलाची कुपी बघितली तर रिकामी. समोर जवसाची बाटली. मला वाटलं, बंदुकीला चालतं ते पिस्तुलाला का नाही चालणार? आयुष्यभर दसऱ्याला हेच तर बघत आले! बाबा ते तेल बंदुकीच्या लाकडी दस्त्याला चोळायचे, लोखंडाला कधीच नाही, हे माझ्या लक्षातच कधी आलं नव्हतं. वासच तेवढा लक्षात होता.

मी हात सैल सोडून तेल घातलं. स्लाइडच्या दोन्ही खाचांत, आत, स्प्रिंगवर. ओढून पाहिली, तर लोण्यासारखी मागे गेली. मी खूश! म्हटलं, आता बाबांना जोर कमी लागेल. त्यांना सांगितलं नाही, कारण ते म्हणाले असते, ही तर लबाडी झाली. फलालीनच्या कापडात गुंडाळून पिस्तूल कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

पुढच्याच आठवड्यात बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिना-दीड महिना जोर लावायचा नाही, असं डोळ्याच्या डॉक्टरनं बजावलं. पिस्तूल कपाटातच राहिलं. बाबा म्हणायचे, "बरंच झालं. आता नेम बी साफ दिसन."

थंडी पडल्यावर एका रविवारी गाडी करून आम्ही अकोल्याला गेलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, दाढी गुळगुळीत. रेंजवरचा उस्ताद म्हणजे मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस, तो बाबांना काकाजी म्हणायचा. बाबांनी मॅगझिनमध्ये स्वतः गोळ्या भरल्या. पाच गोळ्यांना किती वेळ लागला विचारू नका. एक खाली पडली, ती त्यांनीच वाकून उचलली. मी हात मागे बांधून उभी, जिभेवर आलेलं सगळं गिळत. पाचही भरल्या. मॅगझिन आत गेलं. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मिशीत हसले आणि स्लाइड धरली.

हलली नाही.

पुन्हा धरली. नाही. तिसऱ्यांदा त्यांनी पिस्तूल पोटाशी घेतलं, मी लहानपणी घ्यायचे तसं, नळी समोर ठेवून. मानेच्या शिरा वर आल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, मी ओढून देऊ?"

"काहून? उद्या मले घास बी भरवशील," ते म्हणाले.

उस्ताद पुढे आला. "काकाजी, जुन्या मालाची स्प्रिंग अशीच अडते. द्या, मी पाहतो."

बाबांनी दिलं नाही. मॅगझिन काढलं. पाचही गोळ्या एकेक करून डब्यात ठेवल्या, झाकण लावलं. "स्प्रिंग तीच हाय बापा," ते म्हणाले. "हात बदलले." आणि गाडीत जाऊन बसले.

अर्ध्या वाटेवर चोहोट्याचा बाजार लागला. मग म्हणाले, "तुह्या नावावर करून घे. तुले नको असन त सरकारले देऊन टाक." मी म्हटलं, पुन्हा एकदा जाऊ, पुढच्या रविवारी. ते खिडकीतून कपाशी बघत होते. घरी आल्यावर त्यांनी लायसन सोडायचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला. चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिलेला माणूस, स्वतःबद्दल लिहिलं, "शारीरिक असमर्थतेमुळे." अक्षर इतकं वाकडं आलं होतं की कारण वेगळं लिहायची गरजच नव्हती. रबरी चेंडू त्या दिवशी त्यांनी खिडकीतून शेजारच्या पोरांकडे टाकून दिला.

लायसन माझ्या नावावर होईपर्यंत पिस्तूल अकोल्याच्या शस्त्रांच्या दुकानात ठेवायचं होतं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं ते तपासायला हातात घेतलं, स्लाइड ओढली. हलली नाही. त्याच्या मनगटाएवढे तर माझे दंड नाहीत, आणि हलली नाही! त्यानं पिस्तूल नाकाशी नेलं.

"याच्यात जवसाचं तेल कोनं टाकलं?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"अवो बाई, हे लाकडाले लावाचं तेल. वाळलं का वार्निश होते. सारं चिकटून बसलं पहा." त्यानं पिस्तूल रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, दोन तासांनी ब्रशनं घासलं. खाचांतून पिवळ्या पापुद्र्यासारखं काहीतरी निघालं. मग त्यानं दोन बोटांनी ओढल्यासारखी स्लाइड ओढली. "असं चिकटलं असलं त पहिलवानाच्यानं बी नसती उघडली," तो म्हणाला.

दुकानातल्या स्टुलावर बसून मी रडले. मिस्त्री बिचारा घाबरला, म्हणाला, बाई, काही बिघडलं नाही, पिस्तूल एकदम टकाटक आहे.

त्याच दिवशी अकोटला जाऊन सांगायला हवं होतं. मी अमरावतीची गाडी धरली. नंतर दर शनिवारी ठरवायचे, आज सांगते. बाबा समोर बसलेले असायचे, चमच्यानं चहा पिणारे, आणि मी भाजीचं बोलायचे, पाण्याचं बोलायचे. मनाशी म्हणायचे, अर्ज तर गेला. हात तर जाणारच आहेत, आज ना उद्या. सांगितलं तर पुन्हा रेंजवर चला म्हणतील, आणि स्लाइड उघडूनही नेम हुकला तर? भित्र्या माणसाला असली शहाणपणाची कारणं बरी सुचतात. मी कॉलेजात पोरांना तावातावानं खरं बोलायला शिकवणारी बाई, आणि घरी माझी वाचा बसलेली. त्यात वर्ष गेलं.

यंदा दसऱ्याच्या आधी लायसन माझ्या नावावर झालं. पिस्तूल घरी आलं. पूजा मीच मांडली. बाबांनी कुंकू लावलं, ते पिस्तुलावर कमी आणि पाटावर जास्त सांडलं. तेवढं पाहिलं आणि माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगितलं. कुपी रिकामी होती ते, बाटली, दुपार, खाचा, मिस्त्री, रॉकेल, पापुद्रे. "तुमचे हात चांगले होते बाबा. मी घात केला तुमचा."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मधे न बोलता, पक्षकाराचं ऐकतात तसं. मग विचारलं, "साक्षीदार?"

"मिस्त्री आहे ना! फोन लावू?"

"तो तुहाच साक्षीदार." ते हसले. "एक साल झालं, अन् आज सांगून राहिली?"

मी चिडले. चिडणं मला नेहमी लवकर जमतं. मॅगझिन काढलेलं पिस्तूल पाटावरून उचललं, नळी भिंतीकडे करून त्यांच्या हातात दिलं. "ओढा. आत्ता ओढून पाहा. साफ केलंय. देवाशप्पथ, उघडेल."

ते नको म्हणाले. मी हट्ट धरला. कशाला धरला, कुणास ठाऊक.

त्यांनी स्लाइड धरली. बोटभर मागे आली आणि निसटून परत गेली. पुन्हा धरली, तेवढीही आली नाही. तिसऱ्यांदा त्यांनी पोटाशी घेतलं नाही, नुसतं मांडीवर ठेवलं. वर्षभरात हात किती गेले होते हे मला दर शनिवारी दिसत होतं, आणि तरी मी ते त्यांच्या हातात दिलं. आता त्यांना काय दाखवणार होते मी? मी पिस्तूल घेतलं, ओढलं, खट्ट करून उघडलं. "बघा! बघा ना!" मी ओरडले. जसं काही त्यानं काही सिद्ध होत होतं.

बाबांनी पाटावरचं आपट्याचं पान उचललं. माझ्या हातावर ठेवेपर्यंत ते दोनदा पडलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माह्या जिवाले बरं वाटावं म्हणून किती मांडामांड केली वं," ते म्हणाले. "पण तुले खोटं बोलता येत नाही, बाई. लहानपणापासूनच येत नाही."