सरकारी पड

आईनं शेजारपाजारी सांगून ठेवलंय की मुलगा सॅटेलाईटवर काम करतो. खरं तर मी कॉम्प्युटरसमोर बसून शहराच्या कचऱ्यासाठी जागा शोधतो. पण माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हापासून आईनं कचरा वगळला तो वगळलाच. मीही मूग गिळून बसलो.

शहर म्हणजे नगर. आता पाट्यांवर अहिल्यानगर असतं. कचऱ्याला त्यानं काही फरक पडलेला नाही. घरं वाढत वाढत कचऱ्याच्या डोंगराशेजारी आली, तेव्हा नवी जागा सुचवायचं काम आमच्या लहानशा फर्मकडे आलं. पद्धत सोपी आहे. कॉम्प्युटरवर जिल्ह्याचा नकाशा घ्यायचा, त्यावर ओढे, विहिरी, वस्त्या, शाळा, देवळं, मशिदी असे एकेक थर चढवायचे आणि प्रत्येकापासून ठराविक अंतर सोडायचं. सगळं सोडून जे उरतं ते नकाशात हिरवं दिसतं. फारसं उरत नाही. कचरा सगळ्यांचा असला तरी त्याची जागा दुसऱ्याच्या गावात असावी, याबद्दल जिल्ह्यात एकमत आहे.

धार्मिक स्थळांचा थर मी स्वतः केला होता. सॅटेलाईटनं वरून घेतलेल्या फोटोत कळस, घुमट किंवा मिनार दिसला की एक ठिपका द्यायचा. जिथं श्रद्धा आहे तिथं बांधकाम असणारच, असं मी धरून चाललो होतो.

शेवटी पारनेरच्या बाजूला एक तुकडा असा हिरवागार उठला की मला त्याचा अभिमानच वाटला. उंचावरचा माळ, जवळ ओढा नाही, ट्रक जाईल असा रस्ता आणि मालकीच्या रकान्यात 'सरकारी पड'. म्हणजे कुणी कसत नाही, कुणी हक्क सांगत नाही, कुणी रडतही नाही. हे काम बघणाऱ्या महापालिकेतल्या साहेबांनी मला जागेवर जाऊन फोटो आणायला सांगितलं.

मी मोटारसायकलवर गेलो. फोटो काढताना एवढंच खटकलं की माळावरचे दगड जोडीजोडीनं रोवलेले होते आणि सगळ्या जोड्या एकाच दिशेच्या होत्या. दगडांना एवढी शिस्त नसते. तेवढ्यात शेजारच्या ज्वारीच्या रानातून एक म्हातारे शेतकरी आले. डोक्यावर पांढरी जाळीची टोपी, हातात खुरपं.

"काय बघताय, साहेब?"

"काही नाही चाचा. सरकारी पड आहे, तिचे फोटो घेतोय. शहराचा कचरा टाकायला जागा हवीय."

"पड न्हाई ही. मानसं पडलीत हितं." त्यांनी खुरप्यानं माझ्या बुटांकडे दाखवलं. "तुमी उभं हाय तितं माझी बायको हाय."

मी घाईनं बाजूला सरकलो.

"तिकडं नगं. तिकडं माझी आई हाय. तिला तर जित्तेपनीबी कुनी पायाखाली घेतलं न्हाई."

मग मी जागच्या जागी उभा राहिलो. गावात मुसलमानांची मोजकी घरं, आणि त्यांची माणसं कित्येक पिढ्या इथंच पुरलेली. कच्च्या कबरी. उशाला एक दगड, पायथ्याला एक. भिंत घालायचं कुणाला सुचलं नाही, कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कागदाला आणि मला.

"हितं कचरा? का बरं?" त्यांनी विचारलं.

"नकाशात जागा रिकामी दिसली," मी म्हणालो. हे बोलल्यावर मला माझीच लाज वाटली.

साहेबांना मी चूक सांगितली. साहेब माणूस वाईट नव्हते, पण उताऱ्यावर नोंद नाही म्हटल्यावर त्यांचाही नाइलाज होता. चाचांना अर्ज घेऊन बोलावलं गेलं. साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "तिथं कबरस्तान असल्याचा पुरावा काय?"

चाचांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "पुरावा खाली हाय, साहेब. खोदू का?"

साहेबांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत ते कुणाकडेच बघत नव्हते. नंतर म्हणाले की सरपंचांचा दाखला जोडा आणि जागेवर जाऊन हद्द मोजून आणा, बाकीचं बघतो.

मोजायला मीच गेलो. मोबाईल हातात धरून कडेकडेनं चालायचं, कोपरा आला की बिंदू घ्यायचा. चाचा पुढं, मी मागं. कडेच्या ओळीत त्यांच्या बायकोची कबर शेवटची होती. तिच्यापाशी वळायचं सोडून ते आणखी चार पावलं बाहेर गेले आणि थांबले. तिथं नुसता मुरूम होता. दगड नाही, काही नाही.

"इथं कोण आहे?" मी विचारलं.

"आजून कुनी न्हाई. ही मी धरलीय." ते सहज सांगत होते. "कुदळ मारून बघितलीय. खडक लागत न्हाई, पानी साचत न्हाई. ती गेली तवाच समद्यांना सांगितलं, हिच्या शेजारी माझ्याबिगर कुनाला ठिवायचं न्हाई."

मीही जागा निवडताना खडक आणि पाणीच बघतो, आणि त्याचा पगार घेतो. उन्हात स्क्रीन दिसत नाही असं सांगून मी बराच वेळ मोबाईलवर हाताची सावली धरून उभा राहिलो. मग बिंदू घेतला.

कबरस्तानाचा नवा थर चढवला, त्याच्यापासूनचं अंतर सोडलं, आणि माझा अभिमानाचा हिरवा तुकडा नकाशावरून पुसला गेला. सॉफ्टवेअरनं कसलाही पुरावा मागितला नाही. साहेबांनी मात्र स्क्रीनवर हद्द मोठी करून बारकाईनं बघितली.

"या कोपऱ्यात कबर नाही. हा का घेतला?"

"आरक्षित आहे, साहेब."

"कुणासाठी?"

"अर्जदारासाठी."

साहेबांनी अर्ज पुन्हा उचलला, खालचं नाव वाचलं आणि सही केली.