सहा आठवड्यांचे तीन महिने

आमच्या ह्यांना वर्कशॉपमध्ये सगळे शंकासुर म्हणतात, आणि ते त्यांना माहीत आहे. बसदुरुस्तीच्या त्या वर्कशॉपात ते सव्वीस वर्षं स्टोअरकीपर आहेत. जुनं बेअरिंग स्टोअरच्या खिडकीत आणून ठेवल्याशिवाय नवं मिळत नाही, मग मागणारा कुणी का असेना. एकदा खुद्द मॅनेजरना त्यांनी एका टॉर्चसाठी दोन सह्या करायला लावल्या होत्या. घरातही तोच खाक्या. ब्रेडवरची तारीख, सिलेंडरचं सील, जावयाने सांगितलेला पगार, कशावर म्हणून विश्वास नाही. जावयाचा पगार तर त्यांनी तीन ठिकाणी चौकशी करून पक्का केला, आणि तो खरा निघाला म्हणून दोन दिवस हिरमुसले होते.

सुटले ती एकटी मी. "ही सांगते म्हणजे तपासायला नको," असं ते चार माणसांत म्हणायचे. एकतीस वर्षांच्या संसारात माझं याहून मोठं कौतुक कुणी केलेलं नाही. मला ते फार आवडायचं, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या वर्षी त्यांचे कमरेचे मणके सरकले. जन्मभर खोकी उचलली, दुसरं काय होणार. डावा पाय बधिर पडायला लागला, खिडकीपाशी दहा मिनिटं उभं राहवेना. शेवटी मणके जोडण्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तीन मणके स्क्रू आणि सळ्यांनी धरून ठेवायचे, म्हणजे मधे नवं हाड धरेल. ह्यांचा पहिला प्रश्न होता, "स्क्रू किती?"

"सहा," डॉक्टर म्हणाले.

घरी सोडायच्या दिवशी ह्यांनी एक्स-रे मागून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. त्यात तीनच स्क्रू. झालं, ते कागदावर सही करेनात. नर्स बिचारी समोरून काढलेला दुसरा फोटो घेऊन आली. "काका, बाजूने काढला की एकामागे एक झाकले जातात," ती म्हणाली. ह्यांनी सहा मोजले, फोटो आपलाच आहे ना म्हणून कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि मग सही केली. मी नर्सची माफी मागितली.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना उभं करून चालवलं होतं. रोज थोडं थोडं चालायचं, पण वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, काही उचलायचं नाही. व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवणार, पण ते कधीपासून, हे सहा आठवड्यांनी एक्स-रे बघून डॉक्टर सांगणार. रजा चार महिन्यांची होती. ती संपली की वर्कशॉपचा डॉक्टर तपासणी करणार, उभं राहून काम जमत असेल तर स्टोअरच्या किल्ल्या परत, नाहीतर कायमचं घरी. किल्ल्या तोवर हाताखालच्या सहायकाकडे होत्या, आणि त्याच्यावर ह्यांचा काडीचा भरवसा नव्हता.

सहा आठवड्यांनी आम्ही गेलो. फोटो काढून झाल्यावर हे आत कमरेचा पट्टा बांधून घेत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी मला बाहेरच गाठलं. "हाड छान धरतंय. ह्याच आठवड्यात फिजिओथेरपी सुरू करा," म्हणाले, कार्डावर दोन ओळी खरडल्या आणि ऑपरेशनला निघून गेले.

फिजिओथेरपीची खोली समोरच होती, दार अर्धवट उघडं. आत एक माणूस पालथा पडला होता. एक मुलगी त्याचा पाय धरून वर नेत होती आणि तो दातओठ खाऊन कण्हत होता. ते सहा स्क्रूच डोळ्यांपुढे नाचायला लागले. एखादा निसटला तर? ह्यांचा पाय कायमचा गेला तर?

हे पट्टा सावरत बाहेर आले आणि त्यांनी कार्ड हातात घेतलं. डॉक्टरांचं अक्षर औषधवाल्यालाच काय ते लागावं. "व्यायामाचं काय लिहिलंय?"

"ऑपरेशनला तीन महिने झाले की," मी म्हणाले. "अजून हाड कच्चं आहे म्हणे."

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं, तर कार्ड वाचून घ्यायला हे पट्ट्यासकट औषधाच्या दुकानात गेले असते. मी सांगितलं म्हणून त्यांनी कार्ड फाईलमध्ये ठेवलं आणि चष्मा खिशात घातला. मी म्हटलं, चार दिवस जाऊ देत, जरा हाड धरू दे, मग खरं सांगू. चार दिवसांनी ते सांगणं आणखी जड झालं. पंधरा दिवसांनी तर जीभ उचलेना.

मग त्यांची डावी मांडी सुकायला लागली. ते रोज चालत होते, पण खुर्चीतून उठताना माझा खांदा लागायचा. एका सकाळी त्यांनी मोजपट्टी मागितली, दोन्ही मांड्या मोजल्या, आणि दोन बोटांचा फरक निघाला तेव्हा कितीतरी वेळ पट्टी हातात धरून बसले.

नेमका त्याच आठवड्यात वर्कशॉपातला रंगारी भेटायला आला. त्याच्या मेव्हण्याचं हेच ऑपरेशन झालं होतं. "सहाव्या आठवड्यात व्यायाम सुरू. आता गडी जिने चढतोय," तो सांगत होता. मी चहाच्या निमित्ताने आत पळाले, पण भिंत पातळ आहे आमची.

"सहाव्या?" ह्यांनी विचारलं. "मला तीन महिने का?"

तिथून घरात दुसरा विषय राहिला नाही. सहायकाची चुलत बहीण हॉस्पिटलात केसपेपर काढते, एवढं रंगाऱ्याकडून कळलं आणि ह्यांनी सगळं जुळवून टाकलं. "व्यायाम लांबवायचा, रजा संपवायची, मला तपासणीत नापास करायचं. किल्ल्या त्याच्याकडेच. पाणी कुठे मुरतंय ते कळलं मला."

"उगीच कुणावर संशय कशाला घ्यायचा?" मी म्हणाले.

"तू भोळी आहेस."

रात्रंदिवस ते एकेकाला चाळणीतून काढत होते. डॉक्टर झाले, नर्स झाली, मॅनेजर झाले, एक्स-रे काढणारा झाला. दर वेळी मला वाटायचं, आता माझी पाळी येईल. ती येत नव्हती, आणि त्यानेच जास्त लाज वाटायची.

मी एकदा खडा टाकून पाहिला. "आपण तारखेच्या आधीच जाऊन डॉक्टरांना भेटू या का?"

"मुळीच नाही," हे म्हणाले. "आधी गेलो तर सावध होतील."

तीन महिने भरले त्या दिवशी हे अकरा प्रश्न लिहिलेला कागद खिशात घालून निघाले. एकही विचारायची वेळ आली नाही. डॉक्टरांनी त्यांना दोन पावलं चालवलं, मांडी दाबून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "व्यायाम करताय ना? पायात जोर का नाही?"

"सुरू कुठे केलेत तुम्ही?" हे म्हणाले. "तीन महिने थांबा म्हणालात."

"मी? सहा आठवड्यांना लिहिलंय." डॉक्टरांनी फाईलमधून कार्ड काढलं. "हे बघा."

"ते मला लागत नाही. हिच्याकडून वाचून घेतलंय. हिचं चुकत नाही."

डॉक्टरांनी स्वतःचंच अक्षर डोळ्यांजवळ धरलं आणि ओशाळून हसले. "आहे खरं गिचमिड. वाचण्यात गफलत झाली असेल."

"मग तसं लिहून द्या," हे म्हणाले. "चूक तुमची म्हणून. मॅनेजरना दाखवायला पाहिजे मला."

डॉक्टरांनी खरोखर पेन उघडलं. ह्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं, त्यांना चोर सापडला होता. मी गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. पत्र मिळालं असतं, रजा वाढली असती आणि मी भोळीची भोळी राहिले असते. पण ते माझी बाजू घेऊन भांडत होते, आणि ते काही केल्या ऐकवेना.

"अक्षराचा दोष नाही," मी म्हणाले. "डॉक्टरांनी मला तोंडी सांगितलं होतं. मी ह्यांना खोटं सांगितलं."

हे माझ्याकडे वळले. "का?"

"भीती वाटली."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "सहा आठवडे फुकट गेले, पाय गेलेला नाही. आजच सुरू करा," ते म्हणाले. रजा दोन महिने वाढवायचं पत्र त्यांनी दिलं, त्यात व्यायाम उशिरा सुरू झाला एवढंच लिहिलं. बाहेर आल्यावर हे ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. जेवताना म्हणाले, "मांडी भरून येईल म्हणतात," आणि पाणी मागितलं.

ज्याला मी एवढी घाबरले होते, ते त्यांच्या बाबतीत पाठीवर निजून पोट आत घेणं आणि टाच हळूहळू सरकवणं निघालं. पुढे पायऱ्या, मग भिंतीला टेकून अर्धं बसणं. दोन महिन्यांत जोर आला. तपासणीत ते पास झाले, किल्ल्या परत मिळाल्या. आठ दिवस त्यांनी स्टोअर मोजलं, सहायकाने एक वॉशरसुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता.

मला त्यांनी माफ केलं. तसं बोलूनही दाखवलं, "घाबरलीस, होतं माणसाचं." आमचं सगळं पूर्वीसारखं आहे, असं मी मुलीला फोनवर सांगते.

मागच्या महिन्यात पुन्हा दाखवायला गेलो होतो. तपासून झाल्यावर हे बाहेर बाकावर बूट घालत होते. डॉक्टरांनी मला सांगितलं, आता एकदम वर्षाने या. मी बाहेर येऊन म्हणाले, "वर्षाने बोलावलंय."

"बरं," ते म्हणाले. जिन्याकडे दोन पावलं टाकली आणि थांबले. "तू हो पुढे. आलोच मी."

ते मागे वळले आणि डॉक्टरांच्या दाराकडे विचारायला गेले. कशाचाही आधार न घेता, ताठ पाठीने चालले होते. डावा पाय अगदी उजव्यासारखा पडत होता.