अंतराळातल्या पैलवानाचं तोंड

थांबा, आधी टॉय कसं हाय ते सांगतो, मग बाकीचं. अंतराळातला पैलवान! वीतभर उंची, कमरेला लाल लंगोट, डोक्यावर काचेचं हेल्मेट, पाठीवर ऑक्सिजनची नळकांडी, आणि कान तालमीत चुरगळलेले. लहानपणी दादा आणि मी हिंदीत डब केलेले स्पेसचे पिक्चर बघायचो. दादा म्हणायचा, "ह्या हिरोला आपल्या तालमीत आणा की. चहा गार व्हायच्या आत चितपट!" दोन वर्षांमागं दादा हायवेवर गाडीच्या अपघातात गेला. ती कल्पना डोक्यातच बसलेली, ती मी करायला घेतली.

आमचं घर गणपतीच्या मूर्ती करणाऱ्यांचं. खाली वडलांचा, आबांचा कारखाना, वर माळ्यावर माझं चाललेलं असतंय. मातीत पुतळा घडवायचा, त्यावरनं सिलिकॉनचा साचा, साच्यात रेझिन ओतायचं. पहिला पैलवान साच्यातनं निघाला आणि मला दम कुठला! नुसतं डोळं रंगवलं, रील काढला, टाकला. लोकं विचारालेत, शेअर करालेत, मी माळ्यावर एकटाच नाचालोय.

आई चहा घेऊन आली. दारातच थांबली.

"हे कोण?"

"पैलवान की!"

तिनं त्याच्या हनुवटीवर बोट ठेवलं. ओठाखाली बारका खड्डा होता. दादाला बरोबर तिथंच क्रिकेटचा सीझन बॉल लागलेला, टाके पडलेले. आई चहा ठेवून गेली.

खरं सांगतो, तोवर मला दिसलंच नव्हतं. साच्यात हवा अडकली की बुडबुडा राहतो, तिथं खड्डा पडतो, साधी गोष्ट हाय. पण आता खड्ड्याभोवतीचं सगळंच दिसायला लागलं. नाक. जराशी चढलेली डावी भुवई. सगळं दादाचं. तसाही तो पीस खराबच होता, म्हणून मोडायला खाली नेला. हातोडी उचलली तर आबांनी मनगट धरलं.

"डोळं काढलंस न्हवं?"

"व्हय."

"मग? आखणी झाल्यावर मोडायचं असतंय व्हय रं?"

आमच्यात डोळ्यांची आखणी, म्हणजे डोळं रंगवणं, सगळ्यात शेवटी. बाकी सगळं ठाकठीक झालंय बघून मगच डोळं काढायचं, आणि एकदा काढलं की हत्यार लावायचं न्हाय. नेणारा येईस्तोवर तोंडावर फडकं. कारखान्यात आखणी दादाच करायचा. आबांनी खिशातला रुमाल काढून पैलवानाच्या तोंडावर टाकला आणि त्याला फळीवर ठेवला. "घाई नडली तुझी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासनं आई सकाळी झाडताना रुमाल उचलायची, बघायची, परत झाकायची. एकदा जिन्यावरनं ऐकलं, ती त्याला सांगालती, "आज ऊन लई हाय बघ." मी पाय न वाजवता परत वर.

इकडं ऑर्डरी आलेल्या. मी ओतत गेलो, आणि निघंल त्याच्या हनुवटीत खड्डा! साचा धुतला, तिरका धरून ओतला, तरी खड्डा. त्या कोपऱ्यात हवा अडकती, मला कळतंय की! पण माळ्यावर ओळीनं बिनडोळ्यांचे दादा उभे केल्यावर कळून काय उपयोग? रात्री मी त्यांची तोंडं भिंतीकडं करून झोपायचो.

शेवटी सगळ्यांचे खड्डे पुट्टीनं बुजवले, घासले, डोळं काढलं, हेल्मेटं चिकटवली. खोकी घेऊन खाली निघालो तर आई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली.

"एक गेला ते बास न्हाय व्हय? आता सगळ्यास्नी पाठवालास?"

"आई, खड्डं बुजवलेत. बघ की."

"खड्ड्याचं काय घिऊन बसलास? तोंड कुणाचं हाय ते? कशावरनं केलंस? फोटोवरनं?"

"न्हाय गं." दादाचा फोटो मी अजून उघडलेला न्हाय. "आरशावरनं. तोंड घडवताना आरसा पुढं ठेवतोय, आबांनीच शिकवलंय. माझंच हाय ते."

तेव्हा आईनं माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं की दादा गेल्यापासनं तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं. वाढताना ताटाकडं, बोलताना भिंतीकडं. मला वाटायचं, दमलीया.

तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, मूर्ती बघतात तसं. ओठाखाली, खड्ड्याच्या जागी, अंगठा फिरवला.

"तुला न्हाय," म्हणाली.

बराच वेळ तशीच धरून बसली. मग उठली, जुन्या सुती साडीचे तुकडे आणले, एकेक खोकं उघडून प्रत्येकाचं तोंड झाकलं आणि म्हणाली, "ने." पुणं, बेंगळुरू, एक तर हितं इचलकरंजीला. सगळे गेले.

फळीवरच्याचा रुमाल ती आता उचलत न्हाय. जेवायला वाढताना माझ्याकडं बघती. भाकरी ताटात पडली तरी बघत ऱ्हाती. कुणाला बघती, हे विचारायचं धाडस मला होत न्हाय. मी मान खाली घालून जेवतो.