जेलीखालची धावपळ

लॅबमध्ये संशोधन सावकाश होतं, किस्से मात्र भराभर साचतात. पेपरला तपासणारा रेफरी लागतो, किश्श्याला चहा पुरतो! आमच्या धारवाडच्या लॅबमधले हे काही.

आमचं काम एवढंच: जखमेत जंतू शिरले की तिथून रासायनिक सिग्नल सुटतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या दिशेने निघतात. हे आम्ही डिशमध्ये बघायचो. जेलीत तीन खड्डे. मधल्यात पेशी, एका बाजूला सिग्नलचं केमिकल, दुसऱ्या बाजूला साधं द्रावण.

रक्त ताजं लागायचं, म्हणून देणाऱ्याला चुरमुऱ्यांचं चटकदार गिरमिट. बातमी फुटली आणि अख्खं होस्टेल दारात! माझ्या गाईडना आम्ही अक्का म्हणायचो. अक्का म्हणाल्या, "बघ, ह्यांनाही वासच ओढतोय. केमिकलच की ते!"

*

गावातल्या मळमड्डी भागात मी भाड्याची खोली बघायला गेले. मालकीणबाईंनी आडनाव विचारलं, मी ठणकावून सांगितलं आणि खोली एकाएकी पुतण्याला दिलेली निघाली! अक्कांनी माझी ट्रंक उचलून त्याच गल्लीतल्या स्वतःच्या घरी नेली. पुढे रोज त्या बाईंच्या फाटकापाशी थांबून विचारायच्या, "काय हो, पुतण्या आला का?"

*

पेशींना अंगाइतकी ऊब लागते. एकदा करंट गेला, तर अक्का दोन गरम पाण्याच्या पिशव्यांमध्ये डिश धरून मांडी घालून बसल्या. आमचे टेक्निशियन शंकरअण्णा म्हणाले, "अक्का, कोंबडी अंड्यावर बसल्यागत बसलायसा की!"

तेवढ्यात विभागप्रमुख आले. अक्का जागच्या हलल्या नाहीत. "उठले तर पेशी गारठतील, सर. तुम्हीच बसा!"

*

आणि ते माझं काम तपासायला आलेले बाहेरगावचे तज्ज्ञ! त्यांनी नाही म्हटलं की माझी फेलोशिप बंद होणार होती. मग परत माझं गाव अमरगोळ आणि माझ्या वडिलांनी, अप्पांनी बघून ठेवलेलं स्थळ.

त्यांनी माझी डिश मायक्रोस्कोपखाली पाहिली. पेशी सगळ्या सिग्नलच्या बाजूला गेलेल्या. ते हसले. "ह्या धावलेल्या नाहीत, बाई. तुमची जेली उतरती झालीय, घसरल्या असतील. असलं काम इथं कुठलं जमायला?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग. अक्का शांतपणे म्हणाल्या, "सर, जरा हात द्या."

शंकरअण्णांनी सुई लावून सरांचं रक्त घेतलं. मी त्याच जेलीच्या दुसऱ्या डिशमध्ये त्यांच्या पेशी घातल्या. जेवणं उरकून सर पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले आणि एकदम ओरडले, "वा! माझ्या पेशी बघा! काय धावल्यात सिग्नलकडे!"

अक्का म्हणाल्या, "घसरल्या असतील, सर."