तांदळाच्या पोत्याने दिलेली ट्रायल

"लिंब गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मी सगळ्यात आधी काय केलं, तर रिपोर्टवरचं नाव वाचलं. नाव माझंच होतं. वय शेहेचाळीस, तेही बरोबर. तरी विचारलं, "बाई, नमुन्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?"

त्या चिडल्या नाहीत. कागदावर माणसाचं चित्र काढून त्यांनी खांद्यांभोवती एक आणि कमरेभोवती एक असा गोल काढला. या दोन पट्ट्यांतले स्नायू हळूहळू दुबळे होत जातात, म्हणून हे नाव. आजार जन्मापासून रक्तात असतो, डोकं वर काढतो उशिरा. कोपराखालचे हात आणि बोटं बराच काळ साथ देतात. औषध नाही. "व्यायाम करा आणि पडू नका," एवढंच त्यांनी सांगितलं.

माझ्या संशयी स्वभावाबद्दल आधीच सांगून ठेवतो. साकीनाक्याच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शन खात्यात होतो. बाहेरून येणारा माल मोजायचा, ठोकून बघायचा आणि जमला नाही तर लाल चिठ्ठी बांधून परत धाडायचा, हे माझं वीस वर्षांचं काम. समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर नोकरी टिकली नसती.

त्यामुळे सीपीकेची तपासणी मी तीन ठिकाणी करून घेतली. स्नायू झिजले की रक्तात जो घटक वाढतो, तो या तपासणीत मोजतात. ईएमजीही केलं. त्यात स्नायूत सुई खुपसून तिथल्या विजेचा आलेख काढतात. "फारसं दुखत नाही," असं तिथला माणूस म्हणेल. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तिन्ही ठिकाणचं उत्तर एकच आलं. तिघांनी मिळून कट करावा एवढा मी मोठा माणूस नव्हतो, हे मग कबूल करावं लागलं.

सुरुवात खरं तर दोन वर्षं आधी झाली होती. बसच्या पायरीवर पाय चढेना. मी म्हटलं, बेस्टने पायऱ्या उंच केल्या असणार. पुढे जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत, स्वतःच्याच अंगावरून चढल्यासारखं उठावं लागायचं. तुमच्या घरात कुणी असं उठत असेल तर सांधेदुखीची मलमं चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

रिपोर्टनंतर दीड वर्षात कारखाना सुटला. मग एका दुपारी मी घरात पडलो. माझी बायको सुलभा महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. ती संध्याकाळी येईपर्यंत मी मोरीच्या उंबऱ्याशी फरशीवर पडून होतो. हाक मारली असती तर शेजारी धावले असते. मी हाक मारली नाही. लाज वाटली.

त्या दिवसापासून सुलभा रजा काढून घरी बसली. रजा संपत आल्या. मुख्याध्यापिकांनी निरोप पाठवला की दिवाळीच्या सुट्टीनंतर हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. सुलभा मला काही बोलली नाही. एकदा राजीनाम्याचा कच्चा कागद तिच्या पर्समध्ये दिसला तेवढाच. (हो, मी पर्स तपासली.)

डॉक्टरबाईंनी विजेवर चालणाऱ्या खुर्चीचं सुचवलं. साधी चाकाची खुर्ची ढकलायला खांद्यांत जोर लागतो आणि माझं तर दुखणंच तिथे. विजेच्या खुर्चीला हाताशी एक छोटी दांडी असते. ती बोटांनी जिकडे कलवाल तिकडे खुर्ची जाते. धरून उभं केलं तर मी उभा राहत होतो. पलंग ते मोरी आणि मोरी ते दार, एवढं मधलं अंतर मात्र जमत नव्हतं.

अशी खुर्ची तेव्हा मुंबईत सहज मिळत नव्हती. जुन्या खात्यातल्या एकाने रॉड्रिक्सचं नाव सांगितलं. हा मरोळचा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा ख्रिस्ती माणूस. साकीनाक्याला त्याचं मोटारी दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप होतं आणि त्याच्याकडे परदेशातून आलेली एक खुर्ची पडून होती. तो टेम्पोतून ती घेऊन आमच्या घाटकोपरच्या तळमजल्यावर हजर झाला. दार, उंबरा, अंगणाचा उतार, सगळं त्याने टेपने मोजलं. उंबऱ्याला लाकडी फळी लावून दिली.

"आठ दिवस ठेवा, परबसाहेब. वापरून बघा, मग बोलू."

"भाडं? डिपॉझिट?"

"काय नको ना. वापरा फक्त."

फुकट? माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. फुकट माल देणाऱ्याचा माल मी आयुष्यात पास केला नव्हता. खुर्ची चोरीची असणार, नाहीतर बॅटरी मेलेली असणार. एवढ्या अगत्याने फळी बसवून देतो म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतोय.

मी रीतसर लोड टेस्ट लावली. कोकणातून दर वर्षी आमच्याकडे तांदळाचं पोतं येतं. शेजारच्या सावंतांनी आणि त्यांच्या भावाने ते खुर्चीवर चढवलं. माझ्या वजनाला थोडं कमी पडत होतं, म्हणून वर पाटा ठेवला. सुलभा बाजूने चालत दांडी कलवायची आणि मी पलंगावरून खिडकीतून बघत वहीत टिपायचो. उतारावर ब्रेक लागतो का, किती फेऱ्यांनी बॅटरी उतरते, वळताना कुठे घासते.

सावंतकाकू तांदूळ निवडायचं सोडून बघत बसायच्या. "परबांनू, तांदळाक गाडीत फिरवतास आणि तुमी खाटेर? ह्या उलटा झाला मां!"

"टेस्ट चाललीय," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी दसरा आला. सुलभाने पाटावर माझा जाडी मोजायचा मायक्रोमीटर, तिचं शिलाई मशीन आणि विळी मांडली, हळदकुंकू वाहिलं. मग झेंडूचं एक फूल माझ्यापुढे धरलं. "तुमच्या कारखान्यात ज्याचं मशीन त्यानेच फूल वाहायचं, असं होतं ना? मग खुर्चीला तुम्ही वाहा."

मला डाव कळला. एकदा पूजा झाली की वस्तू घरची झाली, परत कशी करणार? रॉड्रिक्सने मुद्दाम दसरा गाठला आणि ही त्याला सामील झाली.

"पास झाल्याशिवाय फूल नाही," मी म्हणालो.

तिने फूल परत तबकात ठेवलं. "तुम्ही कुणाला पास करता हो?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. सण असून त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

आठव्या दिवशी रॉड्रिक्स आला. मी खुर्चीच्या दांडीच्या मुठीला लाल चिठ्ठी बांधून ठेवली होती. सहा कारणं होती तिच्यावर. ब्रेक लागताना हिसका बसतो, डावीकडे वळायला जागा जास्त लागते, मोटर घरघरते आणि असंच पुढे. त्याने चिठ्ठी शांतपणे वाचली. मग उकिडवा बसला, बैठकीवरून हात फिरवला आणि पोत्याच्या सुतळीचे दोन धागे चिमटीत उचलले. पाय ठेवायच्या पट्टीवरची धूळ बोटाने पुसली.

"तुम्ही बसलाच नाय," तो म्हणाला.

मी वही मिटली.

"परबसाहेब, तुम्ही खुर्ची तपासत होता. मी तुम्हाला तपासत होतो. ही खुर्ची माझ्या भावाने माझ्या बाबांसाठी पाठवली होती गल्फमधून. बाबा बोलले, मी काय लंगडा आहे? मरेपर्यंत चादरीखाली होती. ते गेले त्याच खोलीत, खाटेवर. आता ही परत चादरीखाली जाणार असेल तर मला विकायची नाय. टेम्पो बाहेर आहे."

तो खरोखरच फळीचे स्क्रू काढू लागला. सुलभा मोरीच्या दाराशी उभी होती, मी ज्या उंबऱ्याशी पडलो होतो तिथेच. तिच्या पर्समधला तो कागद मला आठवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःकडे इन्स्पेक्टरच्या नजरेने बघितलं. मला खुर्चीचा संशय कधीच नव्हता. एकदा हिच्यात बसलो की लोक मला कायमचा बसलेला धरतील, ही भीती होती. तीन रिपोर्ट मान्य केले होते, आजार केला नव्हता.

"स्क्रू राहू द्या," मी म्हणालो. "सुलभा, मला उठव."

दोघांनी मला बसवलं. चिठ्ठी मीच फाडली. दांडी पुढे कलवली तर हिसका बसला, लिहिला होता तसाच. पण त्या हिसक्याने मी स्वतःच्या घराच्या दाराबाहेर आलो होतो. अंगण ओलांडलं, फाटकातून वळलो. सुलभा मागे येत असणार म्हणून थांबून बघितलं. कुणी नव्हतं. रॉड्रिक्सने तिला दाराशीच थांबवलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी कोपऱ्यावरच्या फूलवालीपर्यंत गेलो. वाटेत दोघांनी वळून बघितलं, एकाने ओळखीचा हात केला. आभाळ काही कोसळलं नाही. त्या क्षणी मी कुठे आहे हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि आजार कळल्यापासून मला त्याहून मोठं सुख मिळालं नव्हतं. डोळे भरून आले, ते तसेच राहू दिले.

तुमच्यावर ही वेळ आली तर खुर्ची विकत घेण्याआधी आठ दिवस मागून घ्या. दारं मोजा, उतार बघा, बॅटरी तपासा. संशय घ्या, भरपूर घ्या. पण पहिल्याच दिवशी स्वतः बसा. पोत्याला काही मोरीपर्यंत जायचं नसतं. डॉक्टरबाईंचे उपकार आहेतच, पण मला नापास करायला निघालेल्या रॉड्रिक्सचे जास्त.

"झेंडू द्या एक," मी फूलवालीला म्हटलं.

"दसरा झाला की हो, भाऊ!"

"आमचा आज आहे," मी म्हणालो, आणि फूल स्वतःच्या हाताने मुठीला बांधून घराकडे वळलो. दाराशी सुलभा उभी होती. तिने आधी फूल बघितलं, मग मला. मग पर्समधून तो कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा तुम्ही वाचलाय, मला माहीत आहे," ती म्हणाली. "फाडा आता."