चहापुरता अडथळा

डायवर भावजींचा उजवा हात स्टेरिंगवर कधी टिकला नाही. समोरून कुणी आलं की हात वर. सायकलवाला असो, शेळ्या घेऊन चाललेली बाई असो, नाहीतर एसटी असो. एसटीला तर ते खिडकी-खिडकीला वेगळा हात करायचे. हात वर गेला की ट्रॅक्टर त्या माणसाकडं वळायचा आणि मागं पेरणीयंत्र असलं की ओळही त्याच्यासोबत वळायची. तेरहून ढोकीला जाताना रस्त्याला लागून मालकांचं रान आहे. पीक वीतभर वर आलं की भावजी कुणाकुणाशी बोलले ते सगळ्या गावाला दिसायचं. भावजींना त्याची लाज नव्हती. उलट मला बोटानं दाखवायचे, "ही वाकडी म्हंजी पोस्टमन. ती तिकडची कीर्तनकारबुवा. आन् ही सगळ्यात मोठी वाकडी म्हंजी तुमचा चहा, वहिनी."

भावजी माझे चुलत दीर. माझं दोन एकर मालकांच्या रानाला लागून आहे आणि बांधावरच्या लिंबाखाली माझी तीन दगडांची चूल. मिसरूड फुटल्यापासून ते मालकांचा ट्रॅक्टर चालवत होते आणि चहाला माझ्या बांधावर वळत होते. ते चांगले डायवर होते असं मी म्हणणार नाही. माझ्या गोठ्याचा खांब त्यांनी दोनदा पाडला. दोन्ही वेळा वर मलाच म्हणाले, "खांब मधी आला."

मग मालकांनी आपोआप चालणारा ट्रॅक्टर आणला. त्याच्यासोबत कंपनीची स्नेहल नावाची पोरगी लातूरहून आली. तिनं मोबाइलवर बोट फिरवलं आणि तो ट्रॅक्टर कुणी वर न बसता अंगणात गोल फिरून जागेवर येऊन थांबला. गाव बघायला जमलं होतं. म्हातारी माणसं लांबूनच हात जोडत होती. भावजी तेवढे त्याच्याभोवती फिरून बघत होते. कपाळावर बसवलेला कॅमेरा दिसला तसं त्यांनी स्नेहलला विचारलं, "हे काय गं?"

"डोळा आहे काका त्याचा. समोर कुणी आलं की त्याला दिसतं, मग तो थांबतो."

दसऱ्याला पूजा झाली. हार झाला, नारळ झाला, चाकाखाली लिंबं ठेवून झाली. स्नेहलनं बोट फिरवलं. ट्रॅक्टर हलला नाही. तिनं परत फिरवलं. मालकांचं तोंड उतरलं. पाहुणे पेढे हातात धरून उभे. स्नेहल चाकावर चढली आणि वरून ओरडली, "ह्याच्या डोळ्यात काजळ कुणी घातलं?"

"घातलं न्हाय, तीट लावली," भावजी म्हणाले. "नव्या लेकराला लावत्यात, मग ह्याला नको? एवढं गाव टकामका बघतंय. नजर लागंल."

"अहो पण डोळ्यावर?"

"मग? गाल कुठंय त्याला?"

स्नेहल हसून हसून खाली बसली. मालक हसले नाहीत. दर दसऱ्याला ते डायवरला टॉवेल, टोपी आणि नारळ देतात. त्या दिवशी ताट हातात धरून ते भावजींना म्हणाले, "डायवर, ह्या पेरणीला वर बसा. पण नुसतं बसायचं. स्टेरिंगला हात लागला की यंत्र तुमच्या ताब्यात येतं आन् वळी वाकड्या होतात. एक जरी वळ वाकडी उगवली, तर तुम्ही घरी."

भावजींनी टोपी घातली आणि मान हलवली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, घरी बसवलं तर मी काय करू? मला दुसरं काय येतं?" मी म्हणाले, "तुम्हाला हेबी येत न्हाय, भावजी. पण हात तेवढा दाबून ठेवा."

त्यांनी खरोखरच दाबून ठेवला. हरभऱ्याची पेरणी सुरू झाली तसे दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. रस्त्यावरून कुणी हाक मारली की नुसती मान हलवायचे, आणि ती इतक्या जोरात की पोस्टमननं माझ्याकडं येऊन चौकशी केली, "डायवरच्या अंगावरनं वारं गेलं का काय?"

राहिला चहा. पहिल्या दिवशी मी कप भरून बांधावर उभी आणि भावजी समोरून सरळ निघून चालले. "वहिनी, हे थांबत न्हाय ओ!" म्हणून ओरडले. तोंड असं केलं होतं की जत्रेतून लेकराला उचलून नेलंय. माझा गुळाचा चहा मी सहसा वाया जाऊ देत नाही. दुसऱ्या दिवशी मी कप घेऊन सरळ ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. डोळ्यानं मला बघितलं. ट्रॅक्टर थांबला. भावजींनी मांडीखालचा एक हात काढला, चहा प्याले, कप दिला, हात परत मांडीखाली. मी बाजूला झाले. ट्रॅक्टर चालू. स्टेरिंगला बोटसुद्धा लागलं नाही. मग रोज तसंच.

पेरणी संपत आली तेव्हा स्नेहल गाडी घेऊन बांधावर आली. "आजी, यंत्र रोज ह्याच जागी थांबतंय. इथं दगड आहे का झाड?" तिनं मोबाइल पुढं केला. मला चौथीपर्यंतचं वाचता येतं. त्यावर लिहिलं होतं, 'समोर अडथळा.'

"दगड न्हाय, मीच हाय," मी म्हणाले.

तिनं माझ्या हातातला कप बघितला. "अहो आजी, तुम्हाला अडथळा म्हणतंय ते!"

"म्हणू दे. माझा नवराबी जलमभर तेच म्हणला."

स्नेहलनं मालकांना काही सांगितलं नाही. बसून चहा प्याली आणि माझा नंबर घेऊन गेली.

हरभरा उगवला. भांग पाडल्यासारख्या सरळ ओळी. भावजी मालकांना हाताला धरून बांधावर घेऊन आले. "बघा. एक तरी वाकडी दाखवा."

मालकांनी खूप वेळ बघितलं. एकही वाकडी नव्हती. म्हणजे वर बसलेल्या माणसानं पेरणीभर काहीच केलेलं नाही, हे त्यांना पुरतं कळलं. पुढच्या दसऱ्याला त्यांनी भावजींना टॉवेल-टोपीच्या जोडीला नवं धोतरही दिलं. धोतर निरोपाला देतात. ते बघितल्यावर आम्ही काय ते ओळखलं.

भावजी आता पुण्याला लेकीकडं असतात. तिथल्या बिल्डिंगच्या फाटकावर बसतात. परवा फोनवर म्हणाले, "झ्याक हाय, वहिनी. फाटक अजून हातानं उघडावं लागतं." मग म्हणाले, "आत जाणाऱ्या सगळ्यांना हात करतो. दोघं-तिघं उलटून करायला लागल्यात."

यंदाच्या पेरणीला ट्रॅक्टर रिकामाच आला. मी चुलीपाशी होते. चहा झालेला होता. मी कप घेऊन उठले आणि पुढ्यात जाऊन उभी राहिले. डोळ्यानं बघितलं. ट्रॅक्टर थांबला. वर सीटला अजून प्लॅस्टिक होतं. द्यायचा कुणाला म्हणून मीच प्यायला लागले.

फोन वाजला. लातूरहून स्नेहल.

"आजी, समोर अडथळा दाखवतंय."

"व्हय, मीच."

तिनं हळूच विचारलं, "किती वेळ?"

"कपात थोडा राहिलाय," मी म्हणाले. "तेवढा पिते, मग सोडते त्याला."