रकाना बापाचा

आडनावांचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत की एक काढायला गेलं की चार मागे लागतात. मी चौथी नापास. शिकलेल्यांनी खुशाल चुका काढाव्यात, मी सांगणारच!

सन साठनंतरची गोष्ट. दुबईच्या खाडीकाठी आमचं बोटी दुरुस्त करायचं वर्कशॉप. मॅनेजर जॉन्सन साहेब. हजेरी घेताना अरब खलाशांच्या लांबलचक नावांना हसायचा. "बिन, बिन, बिन! जो तो कुणाचा तरी मुलगाच!"

आमचा म्हातारा रशियन यहुदी फिटर रिवकिनचाचा. त्याने लेथवरून मानसुद्धा वर केली नाही. "जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. का साहेब, तुम्ही आभाळातून पडलात?"

त्या दिवशी हजेरी खलास!

*

चाचाच सांगायचा, रशियात इव्हानचा तो इव्हानोव्ह, दाविदचा तो दाविदोविच. माझा बाप इब्राहिम. मी लगेच जेवणाच्या डब्यावर पंचने ठोकलं, 'इब्राहिमोव्ह'.

मेसचा नवा खानसामा आठवडाभर तो डबा कुणा रशियन इंजिनियरचा समजून त्यात मटणाचे मोठे तुकडे भरत होता!

*

'रिवकिन' मात्र रिव्काचा. आणि रिव्का चक्क बाई! आम्ही पोट धरून हसलो.

"हसा लेको," चाचा म्हणाला. "माझ्या आजोबांची आजी ती. बाजारात कापड विकायची. तिच्या नवऱ्याला गावात कुणी ओळखतसुद्धा नव्हतं."

"का? मेला होता?"

"छे! घरात पोथी वाचत बसला होता!"

*

तेव्हा एकटा इस्माईल हसला नव्हता. माझा गाववाला. तो तान्हा असतानाच बाप बसऱ्याला गेला आणि तिथंच दुसरं घर करून बसला. त्याच्या आईने, हलीमाचाचीने, सुकट विकून पोराला वाढवलं.

पुढे गेटपासचे फॉर्म आले. बापाच्या रकान्यात इस्माईलने लिहिलं, हलीमा.

"अरे, खरं नाव टाक!" मी घाबरलो. "पास नाही मिळाला तर पुढच्या बोटीने रत्नागिरी!"

"गेलो तर गेलो. त्या माणसाचं नाव मी खिशात घेऊन फिरणार नाही."

साहेबाने फॉर्म वाचला, शिक्का हवेतच थांबला. "ये तो औरत का नाम है!" मग मला पुढे बोलावलं. "तू इसके गाँव का है. सच बोल. हलीमा इसका बाप था?"

चाचाने लेथ बंद केली. सगळं वर्कशॉप माझ्या तोंडाकडे बघत होतं.

मी कडक सलाम ठोकला. "साब, मूँछ छोडके सब कुछ था!"

ठप्प! शिक्का बसला.